मांडवीचे दोन तीर

गेल्या थंडींत आपल्या शाळेच्या दहावीच्या वर्गाची सहल गोव्यास जाऊन आली. सहल निघण्यापूर्वीं दोन पालक वेगवेगळ्या दिवशीं मला भेटावयास आले. दोघेही लासुर्ण्याच्या पंचक्रोशींतले, दोघेही शेतकरी, आणि दोघांचाही माझ्यावर लोभ आहे. पहिले गृहस्थ म्हणाले, “सर, पोरांना समुद्र दाखवा, किल्ले दाखवा, आमची ना नाहीं, पण चर्चांतून कशाला हिंडवतां? आमच्या पोरांचें तेथें काय काम?” दुसरे गृहस्थ आमच्या ख्रिस्ती मंडळींतले. सहलीच्या कार्यक्रमांत त्यांनीं नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचें नांव वाचलें होतें. ते म्हणाले, “गुरुजी, जुन्या गोव्याचीं चर्चें मुलांनीं अवश्य पाहावीं, पण नदीपलीकडच्या देवळापाशीं नेऊन त्या जुन्या जुलमाच्या गोष्टी कशाला उकरून काढतां? वर्गांत आपलीं मुलें मूठभर. त्यांना मान खालीं घालावी लागेल.”

दोघांनाही त्या वेळीं मीं इतकेंच सांगितलें कीं, मुलांना सुखरूप परत आणतों, मग बोलूं. मुलें सुखरूप परत आलीं, आणि आतां बोलण्याची वेळ आली आहे. हा प्रश्न एका सहलीपुरता नसल्यामुळें त्याचें उत्तर सर्व पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या समोर ठेवावें असें मला वाटलें. वरवर पाहतां दोघांच्या शंका परस्परविरुद्ध आहेत; परंतु त्यांचें मूळ एकच आहे. परक्यांचें वैभव मुलांनीं पाहूं नये, असें एकास वाटतें. आपल्यांचा दोष मुलांनीं ऐकूं नये, असें दुसऱ्यास वाटतें. दोघांनाही मुलांच्या मनाची काळजी आहे, हें मी जाणतों. पण जें मन अर्धेंच पाहून वाढतें तें पुढें पहिल्याच वाऱ्यानें डगमगतें. म्हणून माझें मत असें आहे कीं, मांडवीच्या काठीं जावयाचें तर तिचे दोन्ही तीर पाहिले पाहिजेत. एकच पाहावयाचा असेल तर घरीं बसलेलें बरें.

नदीकाठचें देवस्थान ही आपल्या मुलांना नवी गोष्ट नव्हे. आपली नीरा इंदापूर तालुक्याच्या टोंकास भीमेला मिळते, आणि त्या संगमावर नरसिंहपुराचें देऊळ उभें आहे. तेथील घाटाच्या पायऱ्या उतरलेल्या मुलाला पाण्याचा व भक्तीचा संबंध समजावून सांगावा लागत नाहीं. मांडवीची गोष्ट आणखी निराळी. ती समुद्राला जोडलेली असल्यामुळें जुन्या काळीं तीच राजमार्ग होती. व्यापारी, सैनिक, धर्मोपदेशक आणि रोगराई हीं सर्व त्याच पाण्यानें शहरांत येत.

पहांटे लासुर्ण्याहून निघून फलटण, सातारा, कोल्हापूर असें करीत आम्ही सायंकाळीं आंबोलीचा घाट उतरलों. काळ्या रानांत आणि उसाच्या फडांत वाढलेल्या मुलांना ती तांबडी माती आणि त्या पोफळींच्या बागा पाहून फार कौतुक वाटलें. दुसऱ्या दिवशीं पणजीहून मांडवीच्या काठाकाठानें आम्ही जुन्या गोव्यास गेलों. १५१० सालीं आल्बुकर्कनें हें शहर विजापूरच्या आदिलशहाकडून जिंकून घेतलें, आणि पुढें तें पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झालें. कालांतरानें सांथींच्या रोगांनीं वस्ती ओसरली, आणि १८४३ सालीं राजधानी अधिकृतपणें पणजीस गेली. आज तेथें जुना बाजार नाहीं, सरदारांचे वाडे नाहींत. आहेत तीं मोठमोठीं चर्चें, मठ आणि त्यांच्यामधलीं मोकळीं मैदानें. १९८६ सालीं युनेस्को या संस्थेनें त्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें.

प्रथम आम्ही बॉम जेझू या प्रसिद्ध चर्चमध्यें गेलों. त्याचें काम १५९४ सालीं सुरू होऊन १६०५ सालीं तें पुरें झालें. भिंती जांभ्या दगडाच्या आहेत; परंतु दर्शनी भागावरील चौकोनी खांबांचा काळा दगड वसईच्या बाजूनें आणला होता असें सांगतात. तो पाहून एक मुलगा चटकन म्हणाला, “सर, हा तर आपल्याकडचा दगड!” आंत गेल्यावर मात्र सगळे स्तब्ध झाले. वेदीमागची लांकडी भिंत तळापासून छतापर्यंत कोरलेली आणि सोन्याच्या मुलाम्यानें झळकणारी. खांबांना दोरासारखा पीळ दिलेला. जिकडे पाहावें तिकडे वेली, फळें आणि देवदूतांचीं मुखें. या शैलीस बरोक म्हणतात. वेड्यावांकड्या आकाराच्या मोत्याला पोर्तुगीज भाषेंत जो शब्द आहे, त्यावरून हें नांव पडलें असें मानतात. सरळ रेषेला वळण द्यावें, सपाट भिंतीला खोली द्यावी, आणि आंत पाऊल टाकणाऱ्याचें मन एका क्षणांत भारून टाकावें, हा तिचा हेतु. साध्या पांढऱ्या भिंतींच्या उपासनामंदिरांत वाढलेल्या मला या झळाळीचा प्रथम संकोचच वाटला, हें कबूल केलें पाहिजे. पण कोरीव काम जवळून पाहतां पाहतां तो संकोच कमी झाला. अशा कामांत या भूमींतल्या कारागिरांचे हात होते. युरोपांतून आलेल्या नमुन्यांत त्यांनीं आपल्या ओळखीचीं पानेंफुलें आणि आपल्या हाताचें वळण घातलें. ज्यांच्या नांवाची नोंद कोणीं ठेविली नाहीं अशा त्या सुतारांना मीं मनांतल्या मनांत नमस्कार केला.

तेथून जवळच एक टेकडी आहे. तिला पवित्र टेकडी म्हणतात. तिच्यावर संत ऑगस्टिनच्या पंथाच्या संन्याशांचा मठ होता. १५९७ मध्यें तो बांधावयास घेतला आणि १६०२ मध्यें त्याचें चर्च पुरें झालें. आज त्या सर्व विस्तारांतून एका मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. त्याची उंची सुमारें ४६ मीटर, म्हणजे दीडशें फूट आहे. खालीं चर्चच्या जमिनींत बसविलेल्या थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. त्यांवरचीं नांवें पावसानें झिजलीं आहेत. कांहीं भिंतींवर रंगीत चकचकीत फरशांचे तुकडे अद्याप चिकटून आहेत. डोक्यावर छत म्हणून केवळ आकाश आहे. मुलें येथें बॉम जेझूपेक्षांही अधिक वेळ रेंगाळलीं. सोन्याच्या वेदीपुढें तीं गप्प झालीं होतीं. या पडक्या भिंतींत मात्र तीं प्रश्न विचारूं लागलीं. पहिला प्रश्न साहजिकच होता : “सर, हें पडलें कसें? लढाई झाली का?”

लढाई झाली नाहीं. १८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनेंच हुकूम काढून गोव्यांतील संन्याशांचे मठ बंद केले. संन्यासी गेले. छताची डागडुजी करणारा कोणी उरला नाहीं. आपल्याकडे वर्षाकाठीं वीस इंच पाऊस झाला तर आपण देवाचे आभार मानतों. तेथें शंभर इंचांहून अधिक कोसळतो. जांभा दगड पाणी पितो, आणि चुन्याचा गिलावा सुटला कीं तो आंतून खिळखिळा होतो. अवघ्या सात वर्षांत, १८४२ सालीं, चर्चचें मोठें छत कोसळलें. मठाची प्रचंड घंटा १८७१ सालीं पणजीच्या चर्चमध्यें नेऊन टांगली. ती आजही तेथेंच आहे. १९३१ सालीं दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खालीं आला, आणि १९३८ सालीं आणखी कांहीं भाग पडला. म्हणजे शत्रूनें एकही तोफ डागली नाहीं. राजसत्तेच्या आश्रयानें जो मठ उभा राहिला, तो राजसत्तेच्याच एका कागदानें ओस पडला. यरुशलेमेच्या मंदिराचे भव्य दगड शिष्यांनीं कौतुकानें दाखविले, तेव्हां प्रभूनें त्या दगडांवर विसंबूं नका असेंच त्यांस सुचविलें होतें. त्या पडक्या भिंतींत उभें राहून त्या वचनाचा अर्थ मला जितका कळला, तितका पुष्कळ प्रवचनें ऐकूनही कळला नव्हता.

मग इमारत टिकते तरी कशानें? या प्रश्नास युरोपांतील एक उदाहरण उपयोगी पडेल. ऑस्ट्रिया देशांत डॅन्यूब नदीच्या काठीं मेल्क येथें बेनेडिक्टच्या पंथाचा मठ आहे. तेथें संन्यासी १०८९ सालीं आले. आजची त्याची बरोक इमारत याकोब प्रांटाउअर या शिल्पकाराच्या योजनेनुसार १७०२ ते १७३६ या काळांत बांधली गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसरा जोसेफ यानें आपल्या राज्यांतील शेंकडों मठ बंद केले. परंतु मेल्कचा मठ वांचला, कारण विद्येचें ठिकाण म्हणून त्याचा लौकिक होता. आजही त्या मठांत संन्यासी राहतात, आणि शाळा भरते. जुन्या गोव्यांतही असेंच एक उदाहरण आहे. ऑगस्टिनच्या मनोऱ्यासमोरच संत मोनिकाचा धर्मभगिनींचा मठ आहे. तो १६०६ मध्यें बांधावयास घेतला. तेथेंही पुढें नव्या धर्मभगिनी घेण्यास बंदी झाली, आणि शेवटची धर्मभगिनी १८८५ सालीं वारली. तरीही तो मठ आज उभा आहे, आणि १९६४ पासून धर्मभगिनींना शिक्षण देणारी मातेर देई संस्था त्यांत चालली आहे. त्याच आवारांत ख्रिस्ती कलेचें संग्रहालयही आहे. एका रस्त्याच्या दोन बाजूंस असलेल्या या दोन मठांकडे बोट दाखवून मीं मुलांना सांगितलें कीं, जेथें रोज कोणी कांहीं शिकतें आणि कोणी कांहीं शिकवितें, तेथील गळकें कौल कोणीतरी बदलतेंच. बॉम जेझू मात्र यात्रेकरूंच्या भक्तीवर टिकलें आहे, हेंही मी नाकारीत नाहीं. भक्ति काय किंवा विद्या काय, माणसांचें येणेंजाणें पाहिजे. केवळ भव्यता पुरत नाहीं.

आतां माझ्या ख्रिस्ती मित्राच्या शंकेकडे वळतों. त्याच पडक्या मठाची एक हकीकत सांगतों. जॉर्जिया देशांत काखेती नांवाचें राज्य होतें. तेथील राणी केतेवान हिनें आपला ख्रिस्ती धर्म सोडावा म्हणून इराणच्या शहा अब्बासनें तिच्यावर बळजबरी केली. तिनें नकार दिला; तेव्हां १६२४ सालीं शिराज येथें तिला हाल करून मारण्यांत आलें. ऑगस्टिन पंथाच्या संन्याशांनीं तिचे अवशेष मिळविले, आणि त्यांतील कांहीं १६२७ सालीं या मठांत आणून आदरानें ठेविले. पुढें मठच ढांसळला आणि ते मातींत गडप झाले. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननांत तेथें अस्थि सांपडल्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेनें त्यांची तपासणी करून त्या त्या राणीच्याच असाव्यात असा निर्वाळा २०१३ सालीं दिला. आणि जुलै २०२१ मध्यें भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं जॉर्जियांत जाऊन ते अवशेष त्या देशाच्या स्वाधीन केले. ही हकीकत ऐकून मुलें भारावून गेलीं, आणि ती ऐकून कोणत्या ख्रिस्ती मनास अभिमान वाटणार नाहीं?

पण येथेंच थांबतां येत नाहीं. धर्म सोडण्याची बळजबरी सोसून मेलेल्या राणीच्या अस्थि ज्या शहरांत पूज्य होत्या, त्याच शहरांत त्याच काळीं दुसऱ्यांवर धर्माच्या नांवानें बळजबरी चालली होती. १५६० सालीं तेथें धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली. मधलीं थोडीं वर्षें सोडलीं तर ती १८१२ पर्यंत चालली. तिच्यापुढें उभे केले गेले ते बहुतेक बाप्तिस्मा घेतलेलेच लोक होते. जुन्या घरच्या चालीरीति सोडल्या नाहींत एवढ्याशा आरोपावरूनही माणसांना शिक्षा होत असे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज अंमलाखालच्या मुलखांतील देवळें पाडण्यांत आलीं, आणि लोक आपले देव घेऊन नदीपार गेले. १६८४ सालीं व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली बोली टाकून पोर्तुगीज भाषा बोलावी. राणीची कथा सांगावयाची आणि या गोष्टी झांकून ठेवावयाच्या, हा न्याय नव्हे. आपल्यावर झालेली बळजबरी ज्याला पाप वाटते, त्याला आपल्यांनीं केलेली बळजबरीही पापच वाटली पाहिजे. कबुलीवांचून क्षमा नाहीं, हें आम्ही दर रविवारीं मुलांना शिकवितों. मग इतिहासाच्या तासाला तें विसरावें काय?

म्हणून दुपारीं आम्ही नदी ओलांडली. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट दिवाडी बेटास जाते. बेट ओलांडून पुन्हा दुसऱ्या फेरीबोटीनें पलीकडे नार्व्यास जातां येतें. सप्तकोटेश्वराचें मूळ स्थान या दिवाडी बेटावर होतें. चौदाव्या शतकांत बहामनी स्वारींत तें देऊळ मोडलें. विजयनगरच्या माधव मंत्र्यानें तें पुन्हा उभारलें. सोळाव्या शतकांत पोर्तुगिजांनीं तें पाडलें, आणि भाविकांनीं लिंग नदीपार नार्व्यास नेलें. १६६८ सालीं शिवाजी महाराजांनीं तेथील देवळाचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. अष्टकोनी बैठकीवरचा लहानसा घुमट, उतरतीं कौलारू छपरें आणि समोर दीपस्तंभ, असें तें शांत, आटोपशीर देऊळ झाडीच्या कुशींत उभें आहे. महाराजांचें नांव वाचतांच मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो हिंदु मुलांच्या आणि ख्रिस्ती मुलांच्या चेहऱ्यावर सारखाच होता, हें मीं मुद्दाम पाहिलें. कोणाचीही मान खालीं गेली नाहीं. ज्या मुलानें सकाळींच खरी गोष्ट आपल्या शिक्षकाच्या तोंडून ऐकली आहे, त्याला ती संध्याकाळीं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाची भीति उरत नाहीं.

परततांना फेरीबोटींत एका मुलीनें विचारलें, “सर, मग तो मठ बांधणारे लोक चांगले होते, कीं वाईट?” मी क्षणभर थांबलों, कारण हाच प्रश्न मोठीं माणसेंही विचारतात, आणि त्याचें एका शब्दांत उत्तर मागतात. मी म्हणालों, “बाळ, त्या मुलखांत भाषा मारण्याचा हुकूम काढणारेही होते, आणि त्याच भाषेंत जन्मभर लिहीत बसणारेही होते. दगडाला पाप नसतें. दगड कोणाच्या हातांत आहे तें पाहावें.” ती मुलगी पाण्याकडे पाहत राहिली, आणि मग म्हणाली, “भाषेंत लिहिणारा कोण?” तिच्या या प्रश्नाचें उत्तर पहिल्या पालकांच्या शंकेचेंही उत्तर आहे, म्हणून तें येथें देतों.

टॉमस स्टीफन्स नांवाचा एक इंग्रज जेझुइट १५४९ सालीं इंग्लंडांत जन्मला आणि १५७९ सालीं गोव्यांत आला. तो पुन्हा मायदेशीं गेला नाहीं. चाळीस वर्षें त्यानें सासष्टी प्रांतांत घालविलीं, लोकांची बोली शिकला, मराठी संतांच्या ओवीचें वळण आत्मसात केलें, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठींत रचलें. जुवारी नदीच्या काठीं रायतूर ऊर्फ राशोल येथें तें १६१६ सालीं रोमन अक्षरांत छापलें गेलें. त्यांत त्यानें मराठी भाषेची मुक्तकंठानें स्तुति केली आहे. तीन वर्षांनीं, १६१९ सालीं, तो वारला. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर तो भाषाबंदीचा हुकूम आला; तरीही भाविकांनीं हें पुराण हस्तलिखितांतून जपलें. १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हा छापलें गेलें, आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं तें पुण्यांत देवनागरींत आणिलें. एका ख्रिस्ती संन्याशाचा ग्रंथ पुण्याच्या मराठी विद्वानानें मराठी वाचकांच्या हातीं दिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ऑगस्टिनचें जांभ्याचें छत सात वर्षांत पडलें. लोकांच्या भाषेंत रचलेल्या ओव्यांना हुकूमही पुसूं शकला नाहीं.

तेव्हां माझ्या शेतकरी मित्राला माझें सांगणें असें कीं, त्या तीरावर तुमच्या मुलाचेंही काम आहे. तेथें त्याची भाषा आहे, त्याच्या देशाच्या सुताराचें कोरीव काम आहे, आणि वसईचा काळा दगडही आहे. आणखी एक गोष्ट पाहा. जे देव त्या काळीं नदीपार गेले, त्यांपैकीं मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा यांचीं देवळें पुढें अठराव्या शतकांत मोठ्या थाटानें उभीं राहिलीं. कवळ्याच्या देवळाला छत्रपति शाहूंचे मंत्री नारोराम यांचा आश्रय होता. तीं देवळें बांधणाऱ्यांनीं चर्चांच्या कमानी, घुमट आणि सज्जांचे कठडे निःसंकोच उचलले. ज्यांनीं आपल्याला घराबाहेर काढलें त्यांची कला आपण कां घ्यावी, असें म्हणत ते बसले नाहींत. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ पाहून एका मुलाला चर्चच्या घंटाघराची आठवण झाली, ती उगीच नव्हे. आणि वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यामागें कृष्णेच्या घाटावर जी घंटा टांगली आहे, तिच्यावर मरियेची व बाळ येशूची आकृति असून १७०७ हें साल कोरलेलें आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली, तेव्हां अशा घंटा महाराष्ट्रांतील देवळांत आल्या. गेलीं दोनशेंहून अधिक वर्षें ती घंटा महादेवापुढें वाजते आहे; तिच्या नादानें महादेवाचें कांहीं कमी झालें नाहीं, आणि मरियेचेंही नाहीं. दुसऱ्याचें चांगलें पाहिल्यानें मुलगा आपल्याला पारखा होतो, ही भीति ज्यांना नव्हती त्या लोकांनीं आपलीं देवळें बांधलीं. आपण त्यांच्याहून भित्रे कां व्हावें?

आतां विद्यार्थ्यांना दोन शब्द. पुढील वर्षीं ज्यांची सहल निघेल, त्यांनीं कोणत्याही भव्य इमारतीपुढें उभें राहून फोटो काढण्यापूर्वीं मनाशीं चार प्रश्न विचारावे. ही कोणीं बांधली? पैसा कोठून आला? दगड कोणीं वाहिले? आणि येथें पूर्वीं कोण होतें? मग ती इमारत चर्च असो, देऊळ असो, मशीद असो किंवा राजवाडा असो. या प्रश्नांनीं सौंदर्य कमी होत नाहीं. उलट तें कळतें. आणि हेच प्रश्न घरीं आल्यावर आपल्या गांवच्या जुन्या वाड्याला, नीरेच्या काठच्या देवळाला आणि आपल्या मिशनच्या जुन्या इमारतींनाही विचारावे. आपल्या शाळेलाही ते लागू आहेत. पूर्वीं परदेशांतून मदत येत असे. आतां शाळा उभी आहे ती शिक्षकांच्या कष्टांवर, पालकांच्या विश्वासावर आणि दररोज वर्गांत येणाऱ्या मुलांवर. त्यांतलें एक जरी सुटलें, तर आपलेंही छत पडावयास सात वर्षें पुष्कळ झालीं.

पालकांना विनंति इतकीच कीं, मुलांना खरें ऐकण्याची भीति शिकवूं नका. आपल्या धर्माचा अभिमान असावा. पण तो दुसऱ्याच्या तीराकडे पाठ करून उभा राहिलेला नसावा. दोन तीर असल्याशिवाय नदी नसते, हें नीरेच्या काठीं राहणाऱ्या आपणांस कोणीं वेगळें सांगावें?

सहलीनंतर मुलांना मीं मांडवीच्या परिसराचा नकाशा काढावयास सांगितला होता. ज्या दोन पालकांचा मीं आरंभीं उल्लेख केला, त्यांचीं मुलें एकाच बांकावर बसतात. दोघांनीं मिळून एकच नकाशा काढला. त्यांत एका तीरावर पडका मनोरा आहे, दुसऱ्या तीरावर दीपस्तंभ आहे, आणि मधल्या पाण्यांत फेरीबोट आहे. तो नकाशा आतां इतिहासाच्या वर्गांत भिंतीवर लावला आहे. दोन्ही पालकांनीं सवड काढून, जमल्यास एकाच दिवशीं, तो पाहावयास यावें, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंति आहे.